घासाची आणि छपराची

कथलाची नवी पट्टी हातात आली की चाचा आधी भिंतीकडे वळत. दुकानाची उजवीकडची भिंत त्यांनी मुद्दाम पांढऱ्या चुन्याची ठेवली होती. पट्टीचे टोक भिंतीला टेकवून ते वीतभर खाली ओढत आणि मान मागे घेऊन, डोळे बारीक करून पाहत. काळपट रेघ उठली तर पट्टी डाव्या डब्यात. काहीच उठले नाही तर उजव्या. समोरच्या गिऱ्हाइकाने घाई केली तर एवढेच म्हणत, "आदी रेघ बघू."

शिसे भिंतीवर पेन्सिलीसारखे उमटते, शुद्ध कथील उमटत नाही. मी पदवी घेऊन आलो होतो, पण ही गोष्ट मला त्या भिंतीने शिकवली.

लोणावळ्याच्या बाजारात, स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याला लागून एक बोळ आहे. त्या बोळात एका शिंप्याच्या शेजारी त्यांचे दुकान होते. दुकान म्हणजे एक फळी, एक शेगडी, एक भाता आणि भोवती गळकी भांडी. फुटलेली, भेगाळलेली भांडी कथील भरून झाळून देणे हा त्यांचा धंदा. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही तेच म्हणे. नाव इथे लिहीत नाही. कागदावर नाव आलेले त्यांना आवडले नसते. तुमच्याही गावच्या बाजारात असा एखादा माणूस असेल, ज्याच्याकडे तुमच्या घरची निम्मी भांडी एकदा तरी जाऊन आली असतील आणि ज्याच्याविषयी तुम्ही कधी दोन मिनिटे विचार केला नसेल. मीही केला नसता. पण माझ्या हातून एक गोष्ट घडली, म्हणून हे लिहितो आहे.

त्यांच्याकडे झाळायच्या दोन दांड्या होत्या. दांडी म्हणजे हातभर लोखंडी सळई. एका टोकाला लाकडी मूठ, दुसऱ्या टोकाला तांब्याचे निमुळते डोके. हे डोके निखाऱ्यात तापवायचे, नवसागराच्या खड्यावर घासून स्वच्छ करायचे आणि पट्टीला टेकवायचे. मग कथील पातळ होऊन तांब्यावर चढते आणि तिथून भांड्याच्या फटीत उतरते. दोन्ही दांड्या दिसायला सारख्याच, पण एकीची मूठ उघडी होती आणि दुसरीच्या मुठीला सुतळी गुंडाळलेली होती.

उघड्या मुठीची ती 'घासाची'. ज्या भांड्यातले माणसाच्या पोटात जाते, त्या भांड्यांपुरतीच ती वापरायची आणि तिला लावायचे ते शुद्ध कथील. सुतळीवाली 'छपराची'. पन्हळी, कंदील, बादल्या, रेल्वेच्या माणसांचे तेलाचे डबे हे तिचे काम. तिला शिसे मिसळलेली पट्टी चाले. शिशाची मिसळ स्वस्त पडते, फट चांगली भरते, पण ती पोटात जाता कामा नये. दोन्ही दांड्यांचे खिळे समोरासमोरच्या भिंतींवर होते. शेगडीतही एक या बाजूला तापे, दुसरी त्या बाजूला.

"ह्या दोघी सवती हायेत," ते म्हणत. "एका शेगडीवर बसत्यात त्येच लय झालं."

मळवलीच्या एका बंगल्याचा राखणदार एकदा आंघोळीचे मोठे टप हातगाडीवर घालून आला. म्हणाला, "चाचा, सायबाचं हाय. घासाचीनंच लावा, वरचं सामान वापरा."

चाचांनी टप सगळीकडून फिरून पाहिले. "सायब ह्यातलं पानी पितो का?"

"न्हाई बा. आंग धुतो."

"मंग छपराची. आंगानं पानी पीत आसंल तर इचारून या, मी थांबतो."

राखणदाराला हसावे की रागवावे ते कळेना. शिंपी मात्र मशीन थांबवून हसत राहिला.

माझी त्यांची ओळख शाळेमुळे झाली. मी औंढ्याचा. वडील भातशेती करणारे, त्यांना सही येत नसे. लोणावळ्याला चालत येऊन शाळा केली, पुढे काही भल्या माणसांच्या आधाराने पुण्याला राहून बी.एस्सी. झालो आणि परत आलो तो त्याच शाळेत विज्ञानाचा मास्तर म्हणून. आमच्या गावातला मी पहिलाच. शाळेत विज्ञानाची साधने म्हणजे दोन काचनळ्या आणि एक मोडका तराजू. उरलेले मी डब्यांतून, तारांतून बनवी, आणि ते झाळायला चाचांकडे नेई.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "औंढ्याचं ना तुमी?"

"हो. तुम्हांला कसं कळलं?"

"तुमच्या आईची कासंडी तीनदा झाळलीया म्या. मूल शिकाया गेलंय म्हणायची." दूध काढायची ती कासंडी त्यांना माझ्यापेक्षा चांगली आठवत होती. "आता त्या कासंडीलाबी बी.एस्सी. म्हणाया पायजे."

सुटीच्या दिवशी मी त्यांच्या फळीवर जाऊन बसू लागलो. छपराची वापरायला त्यांनी मला शिकवले. टोक किती तापले ते ज्वाळेच्या रंगावरून कसे ओळखायचे, जास्त तापले तर वरचे कथील जळून तांबे काळे कसे पडते, मग कानशीने घासून पुन्हा पहिल्यापासून कसे चढवायचे, हे सारे. घासाचीला मी हात लावायचा नाही हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. ते मला कळले आहे असे त्यांनी धरले होते.

मीही माझ्याकडचे त्यांना सांगे. शुद्ध कथील एका ठरावीक उष्णतेला एकदम वितळते आणि एकदम गोठते. शिसे मिसळलेले मात्र गोठताना आधी खिरीसारखे होते, असे मी एकदा आकड्यांसह समजावले.

"खिरीचं ठावं हाय मला," ते म्हणाले. "आकडा तेवडा ठावा नव्हता."

मग त्यांनी मला एक प्रश्न घातला. दोन्ही दांड्यांना काम सारखेच, तरी घासाचीचे तांबे दरसाल झिजते आणि छपराची आहे तशीच राहते, ते का? खरोखरच छपराचीचे डोके अंगठ्याएवढे जाड होते आणि घासाची झिजून करंगळीपेक्षा बारीक झाली होती. मला सांगता येईना. पुण्याच्या माझ्या प्राध्यापकांना पत्र लिहिले तेव्हा उत्तर मिळाले की तापलेले कथील तांब्याला आपल्यात विरघळवून घेते. शिसे मिसळले की त्याची ही भूक कमी होते.

मी ते वाचून दाखवले. 

"मंजी तांबं जातं कुटं?"

"कथलात."

"आन् कथील?"

"भांड्याच्या जोडात."

त्यांनी घासाची उचलून तिचे टोक बोटाने चाचपले. "मंग गेलं न्हाई म्हणा," ते म्हणाले आणि कामाला लागले.

आता ती गोष्ट सांगतो.

शाळेची तपासणी व्हायची होती. मी मुलांना दाखवण्यासाठी पत्र्याच्या डब्याचा एक छोटा बॉयलर बनवला होता. डब्याला बारीक नळी, नळीसमोर पत्र्याचे चाक. पाणी उकळले की वाफेच्या जोराने चाक गरगर फिरे. घाटातली इंजिने रोज पाहणाऱ्या आमच्या मुलांना त्याचे फार कौतुक होते. तपासणी शनिवारी, आणि शुक्रवारी दुपारी नळी डब्यापासून सुटली. मी ती घेऊन धावतच बोळात आलो.

चाचा नमाजाला निघाले होते. म्हणाले, "बसा मास्तर. शेगडी पेटलेली हाय. तुमचं तुमी करून घ्या."

मी छपराची तापवली. पण नळी आणि डबा यांच्या मधल्या फटीत तिचे जाड डोके शिरेना. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा कथील बाहेरच ओघळले. शाळेची घंटा व्हायला थोडाच अवकाश होता. समोरच्या भिंतीवर घासाची टांगलेली होती, बारीक, टोकदार, त्या फटीसाठीच घडवल्यासारखी. मी ती काढली, तापवली आणि डाव्या डब्यातली शिशाची पट्टी तिला लावली. नळी एका दमात बसली.

नंतर मी घासाची फडक्याने पुसली, नवसागरावर घासली, पुन्हा पुसली. टोक चकचकीत दिसले. दिसते ते स्वच्छ, एवढीच माझी त्या दिवशीची विद्या. मी ती तिच्या खिळ्याला टांगून निघून गेलो.

शनिवारी चाक फिरले. तपासनीस साहेबांनी चष्मा काढून ते जवळून पाहिले आणि शेऱ्यांच्या वहीत दोन चांगली वाक्ये लिहिली. रविवारी सकाळी ती वाक्ये सांगायला मी चाचांकडे गेलो.

दुकानाच्या दाराची एक फळी लावलेली होती. चाचा आत भिंतीसमोर उभे होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी बोट दाखवले. भिंतीवर एक फिकट काळसर रेघ होती.

"मास्तर, ही रेघ घासाचीनं उठली."

सकाळी काम करताना तिच्या टोकावरचे कथील एकदम गोठायचे सोडून खिरीसारखे झाले होते. बाहेरून आलेली प्रत्येक पट्टी ते तपासत. स्वतःचे हत्यार भिंतीवर घासायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती.

माझ्या तोंडून निघाले, "असं कसं?"

हे दोन शब्द मी आजही विसरलेलो नाही. खरे बोलायला तेवढाच वेळ होता, आणि मी तो या दोन शब्दांत घालवला.

चाचा माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी कानस घेतली आणि घासाचीचे टोक लालसर तांबे दिसेपर्यंत घासले. वर्षभरात झिजत नसे इतके ते त्या अर्ध्या तासात गेले. घासता घासता ते भांडी मोजत होते. शुक्रवार दुपारपासून घासाचीने पाच भांडी झाली होती. बाजारातली एक किटली आणि एक तांब्या, मळवलीच्या बंगल्याची दुधाची बरणी, भाजे गावातली एक कासंडी. पाचव्याशी येऊन ते थांबले.

"आन् औंढ्याचं बोंडलं."

तान्ह्या मुलाला दूध पाजायचे चोचीचे भांडे. त्याची चोच निखळली होती.

शिंपी दारातून म्हणाला, "आवो, जरासं शिसं लागलं आसंल. त्यानं काय हुतंय? कुनाला कळायचंबी न्हाई."

"मला कळलंय की," चाचा म्हणाले. त्यांनी निखाऱ्याची छोटी शेगडी, नवसागर, उजव्या डब्यातले कथील आणि घासाची एका पिशवीत भरली.

मी म्हणालो, "मी येतो तुमच्याबरोबर."

बाजारातली दोन भांडी तिथल्या तिथे झाली. पुढे आम्ही गाडीने मळवलीला उतरलो. बंगल्याचा राखणदार बरणी द्यायला तयार होईना. कालच झाळलेली बरणी आज पुन्हा का, हे त्याला समजत नव्हते. चाचांनी त्याला कारण सांगितले तेव्हा त्याने डोक्यावरची टोपी सारखी केली आणि बरणी आणून दिली. भाज्याच्या कासंडीतले दूध त्या घरच्या बाईने आमच्या देखत उकिरड्यावर ओतले. तिला आम्ही दूध ओतायला सांगितले नव्हते. प्रत्येक ठिकाणी चाचा जुनी झाळ तापवून पुसून काढत, चाकूने खरवडत, नवे कथील भरत, आणि निघताना म्हणत, "आज चिंचंच्या पान्यानं धुवा. उद्यापासनं वापरा."

भाज्याहून औंढ्याला आम्ही शेताच्या बांधांवरून चालत निघालो. भात कापून झाले होते. चाचा पुढे, मी मागे. पिशवीतल्या शेगडीचा आवाज त्यांच्या प्रत्येक पावलाला होत होता. वय झालेला तो माणूस सकाळपासून काही न खाता चालत होता. मला पुढे पाऊल टाकवेना.

"चाचा, ते मी केलं. शुक्रवारी. छपराची आत जाईना म्हणून घासाची घेतली."

ते थांबले नाहीत. थोडे पुढे जाऊन म्हणाले, "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"सकाळधरनं. ज्यानं केलं न्हाई त्यो इचारतो, कुनी लावलं. तुमी तसं न्हाई इचारलं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"बोलून काय हुनार हुतं? पाच भांडी बोलून झाळली जात्यात का?"

मी औंढ्यात सगळ्यांसमोर सांगेन असे म्हणालो. त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

बोंडले आमच्या घरापासून चौथ्या घरी होते. तिथल्या म्हाताऱ्या बाईला मी लहानपणापासून मावशी म्हणे. तिच्या सुनेला बाळंतपणानंतर दूध आले नव्हते, आणि मुलगी वरच्या दुधावर होती. आम्ही ओटीवर पोचलो तेव्हा मुलगी रडत होती आणि मावशी बोंडल्यात दूध भरत होती.

"वैनी, जरा थांबा," चाचा म्हणाले. "त्ये मला द्या."

"आवो, पाजायची येळ झालीया. काल तर आनलं तुमच्याकडनं."

"द्या म्हणतो ना."

त्यांचा आवाज ऐकून शेजारपाजारची माणसे ओटीखाली जमली. त्यात माझे वडीलही होते. मी तोंड उघडले. चाचांनी माझ्याकडे न पाहता माझे मनगट धरले आणि इतके घट्ट दाबले की बोटांचे वळ उठले.

"माझ्या हातनं चूक झालीया," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "घासाचीला शिसं लागलं. ह्या बोंडल्याच्या चोचीत आसंल. तुमचं मूल कालपासनं ह्यातनं पेतंय."

 मावशीने बोंडले खाली ठेवले, तेही जमिनीवर आदळल्यासारखे. "चाचा, तुमच्या हातनं?" ती म्हणाली. "थोडंच लागलं आसंल ना?"

"थोडं मंजी किती, वैनी? येवढ्याशा जिवाला थोडं कसं मोजायचं?"

सून आतून आली, मुलीला उचलून आत घेऊन गेली आणि कापसाच्या बोळ्याने दूध पाजू लागली. मुलीचे रडणे थांबेपर्यंत चाचांनी पिशवी उघडली नाही. मग अंगणात शेगडी मांडली. चोच काढली, जुनी झाळ पुसली, पितळ उजळले, घासाची तापवली. माणसे उभी राहून पाहत होती. एक जण म्हणाला, "परत तेच हत्यार?" चाचांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले. काम झाल्यावर बोंडले गार होऊ दिले, ओटीच्या पांढऱ्या भिंतीशी गेले आणि चोचीचा जोड भिंतीवर टेकवून वीतभर ओढला. रेघ उठली नाही.

"बगा," ते म्हणाले. पण बघायला मावशीखेरीज कोणी पुढे आले नाही.

परतताना मी त्यांना विचारले, मला का बोलू दिले नाही. अंधार पडायच्या आत लोणावळे गाठायचे म्हणून ते भराभर चालत होते.

"गावातनं एक जन शिकला," ते म्हणाले. "त्यानं हे केलं म्हनल्यावर उद्या ह्यो पोरगा शाळंत पाठवील का, त्यो पाठवील का? तुमच्या बापाची मान बगितली का, तुमी आलात की कशी ताठ हुती ती? माझं काय. माझं हत्यार माझ्या ताब्यात पायजे हुतं. ती माझीच चूक हाय. खोटं न्हाई बोललो."

पुढचे वर्ष-दीड वर्ष औंढ्याची आणि भाज्याची भांडी चाचांकडे आली नाहीत. माणसे त्यांच्या दुकानावरून पुढे जात आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या झाळणाऱ्याकडे देत. त्या दुसऱ्याकडे एकच दांडी होती आणि एकच पट्टी. त्याने आपली चूक कधी कोणाला सांगितली नव्हती, म्हणून त्याच्या हातून चूक होत नाही असे लोक मानत. मी फळीवर बसून हे पाही. दोनदा मी चाचांना म्हणालो की आता तरी सांगू द्या. दोन्ही वेळा ते म्हणाले, "पोरं येत्यात न्हवं औंढ्याची शाळंत? मंग बसा."

औंढ्याची सात मुले त्या वर्षी शाळेत होती.

एक फरक मात्र झाला. रोज सकाळी दुकान उघडले की चाचा आता आधी घासाचीचे टोक भिंतीवर ओढत. आणि मी गेलो की ती माझ्या हातात देत. "आज तुमी बगा, मास्तर. तुमचे डोळे नवे हायेत." मी रेघ ओढी आणि सांगे, उठली नाही. यात त्यांनी मला शिक्षा केली की माझ्यावर विश्वास टाकला, हे मला त्या वेळी ठरवता आले नाही.

मग चार-पाच वर्षांनी युद्ध आले. कथील बाहेर देशातून यायचे, ते येईनासे झाले. सगळेजण शिशाची मिसळ घासाच्या भांड्यांनाही लावू लागले. चाचांनी लावली नाही. लोक हात जोडत, चिडत.

"मग दूध कशात तापवायचं, चाचा?"

"मातीचं मडकं हाय की. तुमच्या आजीनं कशात तापवलं?"

त्यांच्याकडे आता कंदील आणि बादल्याच तेवढ्या येत. घासाची खिळ्याला टांगलेली असे. तिचे डोके आता बोरूच्या टोकाएवढे उरले होते. उजव्या डब्यात कथलाचा बोटभर तुकडा शिल्लक होता. तो एका चिंधीत बांधलेला होता. हॉटेलवाल्याने किटलीसाठी तो मागितला, बंगल्यावाल्याने मागितला.

"त्यो बोंडल्यांचा हाय," एवढेच ते म्हणत.

आणि खरोखरच बोंडली येत. त्या कठीण दिवसांत खंडाळ्यापासून मळवलीपर्यंत कोणाच्या घरच्या बोंडल्याची चोच निघाली की लोकांना चाचा आठवत. ते राळ्याच्या दाण्याएवढे कथील तोडून घेत, आणि ते चोचीत उतरेपर्यंत श्वास रोखून धरत.

एके दुपारी मी तिथे असताना औंढ्याची मावशी आली. पदराखालून तिने तेच बोंडले काढले. तिच्या सुनेला आता मुलगा झाला होता.

"चाचा, तुमच्याच हातनं पायजे," ती म्हणाली.

चाचांनी चिंधी सोडली. आत शेवटचा कण होता. तो त्यांनी आधी भिंतीवर ओढला. बोटांत धरता येत नव्हता, म्हणून चिमट्याने.

"रेघ नगा दावू," मावशी म्हणाली. "माझा इस्वास हाय."

"इस्वास माझ्याव ठिवा, वैनी. हत्याराव ठिवू नका."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी मात्र मान खाली घातली. चोच झाळून झाल्यावर चिंधी त्यांनी धुऊन घडी करून डब्यात ठेवली. कथील पुन्हा येईल म्हणत.

पुढल्या वर्षी शाळेने मला शिक्षकाच्या परीक्षेसाठी पुण्याला पाठवले. जाताना मी भेटलो, तेव्हा त्यांना खोकला होता. "पास व्हा," म्हणाले. "कासंडीला सांगतो मी." मी हिवाळ्याच्या शेवटी परतलो तेव्हा त्यांना जाऊन दीड महिना झाला होता. दुकानात एक सायकलवाला बसला होता. शिंप्याने सांगितले की छपराची तांब्याच्या भावात गेली, आणि घासाची भंगार घेणाऱ्या मोडवाल्याने हातात घेऊन परत टाकून दिली, कारण तिच्यात तांबेच उरले नव्हते. मग ती कुठे गेली ते त्यालाही आठवेना. भिंतीला सायकलवाल्याने निळा रंग दिला होता.

मी तिथून तसाच औंढ्याला चालत गेलो. घरी न जाता चौथ्या घरी गेलो.

मावशी ओटीवर तांदूळ निवडत होती. अंगणात एक आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. ती येत्या जूनमध्ये आमच्या शाळेत यायची होती. मी मावशीला सगळे सांगितले. शुक्रवार, वाफेचे चाक, छपराची आत जाईना ते, आणि ओटीवर चाचांनी धरलेले माझे मनगट.

मावशीचे हात सुपात थांबले.

"तवा का न्हाई बोललास?"

"त्यांनी बोलू दिलं नाही."

"तवा न्हाई दिलं," ती म्हणाली. "आन् मागनं?"

   ती उठून आत गेली. मला वाटले, आता येणार नाही. पण ती आली, आणि तिच्या हातात बोंडले होते. ते तिने माझ्यापुढे धरले.

"बग," ती म्हणाली.

मी ते घेतले. पितळ वापरून गुळगुळीत झाले होते, पण चोचीच्या बुडाशी कथलाचा बारीक पांढरा वेढा तसाच होता. त्या वेढ्यात घासाचीचे तांबेही असणार, हे मला ठाऊक होते. ओटीची भिंत नुकतीच चुन्याने रंगवलेली होती. मी जोड भिंतीला टेकवला आणि वीतभर खाली ओढला.

रेघ उठली नाही. कडेवरचा मुलगा भुकेने किरकिरू लागला, तेव्हा मावशीने बोंडले माझ्या हातातून काढून घेतले, विसळले आणि दूध भरायला आत नेले.